अनुपान

छत्रपती संभाजीनगर,
६ एप्रिल २०२५

प्रिय नाना,

पुक, पुक, पुक. आज पहाटे या आवाजानं जाग आली. उठून खिडकीपाशी गेलो, तर खाली नुसता दूधवाला. आवाज बाहेर नव्हताच. तुझ्या वडिलांच्या चक्कीचं ते इंजिन, धुराड्यावर उपडा घातलेला पत्र्याचा डबा, आणि भिंतीपलीकडं आपली शाळा. मास्तर म्हणायचे, "चक्की थांबली की तुमची कविता पण थांबते रे, गाढवांनो." खोटं नव्हतं ते. आपण सगळ्या कविता चक्कीच्या ठेक्यावर पाठ केल्या. साठ वर्षं उलटली, तरी मला कुठलीही कविता आठवते ती गरम पिठाच्या वासासकट.

मास्तरांनी आपल्या वर्गासाठी स्वतः रचलेली ती आठवते ना? कुठल्याच पुस्तकात नाही ती.

पुक पुक बोले चक्की, पीठ पडे पांढरे,
ऊन ऊन वास त्याचा ओट्यावरी पांघरे;
दाण्या दाण्या, सांग मला, तुझे गाव कोणते?

इथपर्यंत सगळा वर्ग. मग आपण श्वास घ्यायचो आणि चौथी ओळ एकटी भानू म्हणायची. मास्तरांची मुलगी म्हणून नव्हे, तिला तसा आवाज होता म्हणून. त्या भानूशी लग्न होऊन मला एक्कावन्न वर्षं झाली. दर पाडव्याला गुढी उभारली की आम्ही ती कविता म्हणतो. तीन ओळी मी, चौथी ती. परवाच्या पाडव्याला मी तीन ओळी म्हणून थांबलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, गुढीकडं पाहिलं आणि मलाच विचारलं, "पुढं काय होतं हो?"

मला येत नाही, नाना. मी ती ओळ कधी पाठच केली नाही. ती होती ना म्हणायला. तुला येते का?

हल्ली ती फार गप्प असते. चैत्राच्या उन्हात शाल पांघरून बसते. आवाज जड झालाय. भाजी निवडायला घेते आणि तासाभरानं बघावं तर जुडी तशीच हातात. पानगळीत झाड जसं आत आत जातं, तसं काहीतरी वाटतं मला. मी त्याला वैराग्य म्हणतो. आमचा विश्वजित पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, हे वैराग्य नाही, आजार आहे. मी मे महिन्यात येतो आणि काय ते ठरवतो." काय ठरवणार, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तुझं पीठ मिळालं. तुझ्या सूनबाईनं, प्रेरणानं, पाठवलेलं सोयाचं सत्त्वही मिळालं. तिला माझे आशीर्वाद सांग. तुझे कान चक्कीनं नेले, म्हणून का होईना, या वयात मला पत्रं लिहायला मिळतात. एरवी कोण कुणाला लिहितंय?

तुझा,
लक्ष्मण

---

देवगाव रंगारी,
१४ एप्रिल

लक्ष्मणा,

पत्र भेटलं. चौथी ओळ मला नाय येत. अरे, मी तिसऱ्या ओळीपर्यंत वर्गात असायचो तरी का? खिडकीतून उडी मारून चक्कीवर पोचलेला असायचो. मास्तरानं माझ्या बापाला सांगितलं होतं, "तुझ्या पोराला कविता येत नाही, पण पीठ जाड पडलं की बारीक, हे झोपेत सांगतो." व्हय, तेवढंच येतं.

आता चक्की विजेवर. ती पुक पुक कवाच गेली. ऐकू तर काहीच येत नाय. पण चक्की चालू हाये का बंद, हे मला अजून पायाला कळतं. फरशी सांगती. घरात एक पाटी ठेवलीय, ज्याला काय बोलायचं ते पाटीवर लिहितं. सत्तरी पार करून परत पाटी हातात आली बघ.

भानूताईचं वाचून जिवाला लागलं. (वहिनी म्हणायला मला कधी जमलं नाय, शाळेतली सवय.) पण ते तुझं वैराग्य-बिराग्य मला पटत नाय. अशक्तपणा असंल. बाईमाणूस जन्मभर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खातं. माझ्या सुनेला सांगून सत्त्वाची दोन पाकिटं जास्तीची पाठवतोय. दुप्पट दे. प्रेरणाचा बायकांचा गट आता लई पुढं गेलाय. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात शिजवती, कडक वाळवती, मग नाचणीसंगं दळती. कच्चं दळलं तर माणसाचं पोट धरतं आणि माझ्या चक्कीचे दगड चिकटून बसतेत. कन्नडच्या बाजारात तिची पाकिटं दुपारच्या आत संपतेत.

गव्हाच्या पिठात मी थोडा सोया घालतो, त्यावरून परवा दळणाला आलेल्या कचरूनं माझी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "नाना, सोयात बाईचं हार्मोन असतंय. तुझ्या पिठानं गावातले गडी नथ मागतेल." मी खाली लिहिलं, "बारा वर्षं माझंच पीठ खातो, मग बायकोएवढी अक्कल अजून कशी नाय आली तुला?" सगळे हसले. मला ऐकू आलं नाय, पण पोटं हलताना दिसली.

डबा नेहमीच्या एसटीनं येतोय. फकिरा कंडक्टरच्या हाती दिलाय. सकाळच्या गाडीला उभा राहा. आणि रिकामा डबा परत धाडत जा, मागच्या खेपेचा अजून तुझ्याकडंच हाये.

नाना

---

छत्रपती संभाजीनगर,
१२ मे

प्रिय नाना,

दुप्पट देतोय. तुला आमची सकाळ सांगतो, कारण दिवसभरात तेवढाच वेळ मला अजून आमचा वाटतो.

दसऱ्याला भानूचा हात मोडला होता, आठवतं? प्लास्टर होतं तेव्हा स्वयंपाकघर मी हाती घेतलं आणि हात बरा झाला तरी सकाळचं काही सोडलं नाही. साडेपाचला उठतो. सत्त्व कोमट पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळतो, गुठळी होऊ देत नाही. तिला थायरॉइडची गोळी आहे, अठरा वर्षं. पूर्वी ती आपली आपण पाण्याबरोबर गिळून टाकायची, कोरडेपणानं. आमचे वडील म्हणत, औषधाला कधी एकटं धाडू नये, सोबत द्यावी. मधाची, तुपाची, दुधाची. त्या सोबतीला अनुपान म्हणतात. मी गोळी वडिलांच्याच सहाणेवर उगाळतो आणि सत्त्वाच्या पहिल्या चमच्यात घालतो. तो चमचा मी भरवतो. ती लहान मुलीसारखी तोंड उघडते. नाना, एक्कावन्न वर्षांत मी तिला कधी काही भरवलं नव्हतं रे.

पण ती आणखी आत चाललीय. चेहरा भरलाय, चंद्रासारखा. पापण्या जड. केस कंगव्यात राहतात. मेच्या उन्हात पंखा बंद करायला लावते. गेल्या मंगळवारी दूध उतू जाऊन गॅस विझला, तशीच उभी राहिली त्याच्यासमोर. म्हणाली, "मी कशाला आले होते इथं?"

विश्वजित आला होता. त्याच गॅसच्या गोष्टीनं तो घाबरला. तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दहा प्रश्न विचारले, तिला तीन आले. मग काही कागद दिले, ते मी जपून ठेवलेत. विश्वजितनं पुण्यात एक जागा पाहून ठेवलीय, विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात अशी. बागबिग आहे म्हणे. पंधरा जूनला नेणार. मला म्हणाला, "तुम्ही दर रविवारी भेटायला या ना." पोरगा वाईट नाही, रडत होता बोलताना. पण ज्या बाईनं मला अर्ध्या कविता आठवून दिल्या, तिला मी रविवारी भेटायचं?

तिला नेलं, तर चौथी ओळ पण गेली.

लक्ष्मण

---

देवगाव रंगारी,
१७ मे

लक्ष्मणा,

हे पोस्टात टाकत नाय. फकिराच्या हाती देतोय, वाचल्याशिवाय एसटी स्टँडवरून हलू नको.

माझी नात श्रेया सुट्टीला आलीय. तुमच्याच शहरात औषधांचं शिकती, दुसरं वर्ष. तुझं पत्र मी वाचत होतो, ती मागून डोकावत होती. भरवायचं वाचून मला हुंदका आला. तिनं मात्र पाटी ओढली आणि एवढ्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली: "थायरॉइडची गोळी सोयात???"

ती सांगती ते जसंच्या तसं लिहितो. ही गोळी एकटीच जायला लागती. रिकाम्या पोटी, साध्या पाण्यानं. मग तासभर काहीच नाय. सोया पोटात असला की गोळीला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाय. सोया खायचा तर गोळीपास्नं चार तास लांब. आणि गोळी कमी पडली की माणूस असंच होतं: थंडी वाजती, तोंड सुजतं, आवाज बसतो, केस जातेत, डोकं चालत नाय. "आजोबा, त्यांनी लिहिलंय ते सगळं पुस्तकात हाये, फक्त पुस्तकात चंद्र नाय," असं म्हणली. गोळी बंद करू नको, आपल्या मनानं वाढवू नको. रक्त तपासा आणि डॉक्टरला हे सगळं सांग, सहाणेसकट.

आता माझं. ते डॉक्टरचे कागद तू "जपून ठेवलेस" म्हणतोस. शाळेत नापासाचा कागद तू कुठं जपून ठेवायचास, ते मला माहीत हाये. काढ बाहेर.

नाना

---

छत्रपती संभाजीनगर,
४ जून

प्रिय नाना,

कागद तिथंच होते. कवितेच्या पुस्तकात. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या डॉक्टरांनी, पहिलीच थायरॉइडची. मी केल्या नाहीत. विश्वजितला "झाल्या, ठीक आहेत" असं सांगितलं. मला भीती होती की तो कागद एकदा भरला की निकाल लागला. निकाल लागेपर्यंत ती माझी होती.

तपासलं. चार-साडेचारच्या आत असावा तो आकडा अठ्ठावन्न आला.

डॉक्टरबाई तरुण आहेत. मी सहाण, चमचा, सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, मग माझ्याकडं बघून हसल्या. "आजोबा, तुम्ही औषधाला जी सोबत दिलीत, तिनंच त्याला वाटेत अडवून ठेवलं." गोळी तीच, तेवढीच. आता मी पहाटे पाण्याचा पेला पुढं करतो आणि तासभर नुसता बसतो. हात रिकामे वाटतात. सहा-सात आठवड्यांनी परत तपासायचं. विसरणं सगळं त्यानंच आहे का, हे आधी सांगता येत नाही म्हणाल्या, पण आशा ठेवायला जागा आहे. विश्वजितला मी खरं काय ते कबूल केलं. त्यानं तपासणीचा कागद फोनवर वाचायला लावला. मग म्हणाला, "गणपतीपर्यंत थांबतो. नंतर नाही."

तुझ्या पिठाचा दोष नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. कचरूचं हार्मोनही विचारलं. बाई म्हणाल्या, सोयात आयसोफ्लेव्होन नावाचं द्रव्य असतं, ते बाईच्या शरीरातल्या संप्रेरकासारखं दिसतं. मला आपला वर्ग आठवला. गैरहजर मुलाच्या नावानं दुसराच "हजर" म्हणायचा ना, तसं. कधी त्याचं थोडं काम करतं, कधी नुसती जागा अडवून बसतं. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, त्या काही बायकांना यानं थोड्या कमी वाटतात. हाडांचं अजून नक्की नाही. जेवणातल्या सोयानं पुरुषाला काही होत नाही, कचरूला सांग. अर्क काढून केलेल्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणखी काहीतरी सांगत होत्या, बायकांच्या गाठींचं, पण तेवढ्यात भानू उठून दाराकडं चालायला लागली आणि माझं लक्ष गेलं.

तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझ्या चमच्याची.

लक्ष्मण

---

छत्रपती संभाजीनगर,
२० जुलै

प्रिय नाना,

मधे दोन कार्डं टाकली, तुझं एक अक्षर नाही. फकिरा म्हणतो, "नानांनी डबा दिला नाय, काका. मी विचारलं तर तोंड फिरवलं." मग काल श्रेया येऊन गेली. सांगत होती, तू प्रेरणाच्या दळणयंत्राला कुलूप घातलंस. पाकिटं परत आणवलीस. चक्कीसुद्धा आठवड्यातून चार दिवस बंद असते. प्रेरणा तुझ्याशी बोलत नाही, म्हणजे पाटी कोरीच राहते. का रे? मी लिहिलं होतं ना, दोष नाही म्हणून?

आनंदाची बातमी अशा पत्रात घालायला बरं वाटत नाही, पण घालतो. अठ्ठावन्नाचे नऊ झाले. शाल तिनं स्वतः धुऊन ट्रंकेत ठेवली. परवा मला म्हणाली, "आठ महिने तुम्ही मला ती खळ पाजलीत?" मी म्हटलं, "सत्त्व होतं ते." "कुणाचं सत्त्व पाहात होतात?" एवढं तिखट बोलणं ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. डॉक्टरबाईंच्या दहा प्रश्नांतले आता आठ येतात. उरलेल्या दोनांपैकी एक मलाही आला नाही.

कवितेचं अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही. दहापैकी आठ मला पुरेत, पण ती एक ओळ नाही आली तर?

ती तुझ्या पिठाचं विचारते. मी सांगितलं, चक्की दुरुस्तीला आहे. दुकानातल्या पिठाची पोळी तोडून म्हणाली, "या पोळीला गावच नाही कुठलं."

नाना, रागाव, शिव्या घाल, पण लिही.

लक्ष्मण

---

देवगाव रंगारी,
२९ जुलै

लक्ष्मणा,

भानूताई सुधारली, देव पावला. तुझ्यावर राग नाय. हे लिहायला दोन महिने लागले. आता लिहितो ते एकदाच लिहितो.

तुझ्या जूनच्या पत्रात होतं, सोयातलं ते द्रव्य बाईच्या संप्रेरकासारखं असतं. आणि खाली होतं, बायकांच्या गाठींचं काहीतरी सांगत होत्या. तू पुढं लिहिलं नाय. मी मात्र तिथंच थांबलो. अजून तिथंच हाये.

कारभारणीला, द्वारकाला, जाऊन सहा वर्षं झाली. छातीतली गाठ. सोया पिठात घालायचं मी बारा वर्षांपूर्वी सुरू केलं. दहा किलो गव्हाला एक किलो. कुणी तरी सांगितलं, ताकद येती. पहिला घाणा कुणाच्या घरात गेला? माझ्या. चार-पाच वर्षं तिनं माझ्या हातचं पीठ खाल्लं, आणि मग गाठ. कचरूनं पाटीवर लिहिलं तवा मी हसलो होतो. तू लिहिलंस तवा हसू आलं नाय, कारण तू खोटं लिहीत नायस.

तू म्हणतोस, चूक तुझ्या चमच्याची. तुझी चूक आठ महिन्यांची होती, ती धुऊन निघाली. माझी?

तिचे उपचार चालू होते तवा आम्ही तुमच्याकडंच राहायचो. डॉक्टरच्या खोलीत मी कधी गेलो नाय. जाऊन काय करणार होतो? ऐकू येत नाय. बाहेर बाकड्यावर बसायचो. तू औषधांच्या रांगेत. आत काय बोलणं झालं, ते द्वारकालाच माहीत, आणि ती गेली. कुणाला विचारू? श्रेया पाटीवर लिहिती, "आजोबा, असं नसतं." पण ती माझी नात हाये. मला बरं वाटावं म्हणून ती काय पण लिहील.

गावाला मी आता ते पीठ देणार नाय. तुलाही नाय. चक्कीचं काय करायचं ते दिवाळीपर्यंत ठरवीन. प्रेरणा चिडली तर चिडू दे. तिच्या छातीत गाठ यायच्या आधी चिडलेली बरी.

उत्तर नको लिहू. तुझ्याकडं याचं उत्तर नाय.

नाना

---

देवगाव रंगारी,
११ ऑगस्ट

लक्ष्मणा,

तुझं उत्तर कागदावर आलं नाय. चालत आलं.

आधी घाबरू नको. भानूताई इथं हाये, जेवली, प्रेरणाच्या खोलीत झोपलीय. प्रेरणानं तुला फोन केला तवा तू "ती तर गुलमंडीवर बाजाराला गेलीय" म्हणलास म्हणे. ती लबाडी तिची. तुला सांगितलं असतं तर तू संगं आला असतास, आणि वाटेत झाडं दाखवत बसला असतास. रिक्षा, एसटी, कन्नडला उतरून जीप. एकटी. विश्वजितला कळव, की विसरणारी बाई कन्नडच्या स्टँडवर जीपवाल्याशी भाड्यावरून भांडून आली. पुण्याच्या बागेचं मग तो बघून घेईल. उद्या तिला सोडायला मी येतो. हे पत्र तिच्याच पिशवीत असंल.

माझं पत्र तू तिला वाचून दाखवलंस, आणि ती काहीच बोलली नाय, असं तू प्रेरणाला सांगितलंस. ती तिथं बोलली नाय, कारण तिला इथं बोलायचं होतं. माझ्या पाटीवर.

डॉक्टरच्या खोलीत ती होती, लक्ष्मणा. दर खेपेला. द्वारकाचा हात धरून. मी बाकड्यावर, तू रांगेत, आणि भानूताई आत. हे मला सहा वर्षांत एकदा सुचलं नाय.

तिनं लिहिलं ते उतरून घेतलंय. पाटी तिला मी पुसू देईना, म्हणून प्रेरणाच्या वहीत घेतलं आणि मग पुसली. "दुसऱ्या खेपेला द्वारकानं माझ्यासमोर विचारलं, डॉक्टर, आमच्या पिठात सोया असतो, त्यानं झालं का हे? डॉक्टर म्हणाले, नाही. जेवणातल्या सोयानं ही गाठ होते असं कुठं दिसलेलं नाही. वाटलं तर खात राहा. कशानं झाली, हे मला ठाम सांगता येणार नाही, पण पिठावर आळ घेऊ नका."

मी विचारलं, मग तिनं मला का सांगितलं नाय? भानूताई थांबली. मला वाटलं, आठवत नसंल. पण ती डोळे पुसत होती. मग लिहिलं, "बाहेर आलो तेव्हा तुम्ही बाकड्यावर पेंगत होतात. द्वारका म्हणाली, ह्यांला सांगू नको भानू. हे त्यांच्या डोक्यात आलेलं नसंल. पिठानं नाय झालं म्हणून सांगायला गेलीस, तर पिठानंच झालं का काय म्हणून झुरत बसतेल."

माझ्या बायकोनं मला एवढं ओळखलं होतं. आणि ते जपून ठेवलं होतं कुणी? ज्या बाईला तुम्ही विसरणाऱ्यांच्यात नेऊन ठेवणार होता तिनं.

कुलूप काढलं. किल्ली प्रेरणाच्या हातात दिली. ती अजून नीट बोलत नाय, पाटीवर नुसतं "बरं" लिहिती. लिहू दे. दोन महिन्यांचे बाजार बुडाले तिचे, मी केलंय ते भरून यायला वेळ लागंल. पाकिटावर मात्र तिनं आजच नवी ओळ लिहून घेतली: थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी चार तासांचं अंतर ठेवा, डॉक्टरला विचारा. श्रेयानं फोनवर सांगितली तशी.

आता भानूताई आली कशी, ते. गूळ शेवटी खायची माझी खोड तुला माहीत हाये.

सकाळचे अकरा. चक्की बंद. मी आत बसून पट्टा पुसत होतो, दाराकडं पाठ करून. प्रेरणा शेतात. तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं. हादरा, बारीक. मी बटणाकडं बघितलं, बंदच. परत लागलं. पुक. थांबून, पुक. थांबून, पुक. साठ वर्षांपूर्वीचं इंजिन फरशीखाली कुणी चालू केलं, असं वाटलं. म्हणलं, नाना, आता डोकं पण गेलं. पण पाय खोटं बोलत नायत.

वळून बघितलं. दारात भानूताई. अंगावर शाल नाय, कपाळाला घाम, खांद्याला पिशवी. तुझ्याकडं अडकलेला पत्र्याचा डबा उंबऱ्यावर आपटत होती, ठेक्यात, आणि तोंड हलत होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाय, लक्ष्मणा. पण तीन ओळी मी ओठांवरून वाचल्या. तिसरीला ती थांबली आणि मी श्वास घेतला, सगळा वर्ग घ्यायचा तसा.

मग ती आत आली. ओट्यावर जुन्या पिठाचा थर बसला होता, त्यात बोटानं लिहिलं:

वाट पाही ताट जिथे, माझे गाव तेच ते.

आणि डबा माझ्यापुढं ठेवला. झाकण काढून. रिकामा.

नाना